सात रस्त्यावरची रोमन नाणी

* 'रोमन नाणी' : सोलापुरातल्या सात रस्त्याच्या घरी लेखकाने डबीत जपलेली ही नाणी लिलावात घेतलेली आहेत, इथल्या मातीत सापडलेली नव्हेत. उशिराच्या रोमन काळातली तांब्याची नाणी इतकी पाडली गेली की आजही ती बेताच्या पैशांत मिळतात. 'दोन हजार वर्षांपूर्वीचं सोनं' हे लेखकाचे शब्द प्रेमापोटी आलेले समजावेत.

या भागाचा रोमशी खरा संबंध शोधायचा तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातले तगर ते हेच. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई, आणि तिथे उतरणाऱ्या रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांवर स्थानिक चलनाशी अदलाबदल करताना नफा मिळे. तेरला रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकेही सापडली आहेत. परक्या सम्राटाचा मुखवटा इथे दागिना झाला, हे मला अस्सल नाण्यापेक्षा मोलाचे वाटते. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय तेरलाच आहे.

शेतात जुने नाणे लागल्यास मात्र ते परस्पर विकू नये. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. – संपादक