अर्धी भाकरी

मी सफाळ्याला राहतो म्हटलं की ऑफिसातल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे विरारच्याही पुढे?" हो, पुढेच. विरार, मग वैतरणा, मग खाडीवरचे पूल आणि मग आमचं सफाळे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. त्याआधी सगळी भिस्त शटल आणि लांबच्या गाड्यांवर.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वैतरणा सोडल्यावर गाडी थांबली ती थांबलीच. समोर एक भाजीवाली मावशी, रिकामी टोपली पायाशी. पंधरा मिनिटं आमच्या छान गप्पा झाल्या, पाऊस, भेंडीचा भाव वगैरे. मग तिने फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला. "घे रे, खा."

"नको मावशी, भूक नाही." चक्क खोटं! पोटात कावळे कोकलत होते.

"बरं," एवढंच म्हणाली. सफाळे येईपर्यंत पुन्हा एक शब्द नाही. मी तर नम्रपणे बोललो होतो, मग बिनसलं कुठे?

त्या वीकेंडला लॅपटॉप बंद ठेवून गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' पुन्हा वाचायला घेतलं. १९७० सालचं हे पुस्तक; १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली आहे, फक्त तेव्हा हा ठाणे जिल्हा होता (पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये).

गोदावरीबाई माहेरच्या गोखले, पुण्याच्या. कायद्याची पदवी घेतलेल्या. शामराव परुळेकर आणि त्या किसान सभेच्या कामासाठी डहाणू-उंबरगाव भागातल्या वारली पाड्यांवर पोचल्या. तिथे जमीनदाराची वेठ होती, म्हणजे बोलावलं की जायचं आणि फुकट राबायचं. 'लग्नगडी' नावाचाही प्रकार होता. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघांनी ते फेडण्यासाठी सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं.

आता कल्पना करा. अशा पाड्यावर शहरातून एक शिकलेली बाई येते. लोकांनी तिच्यावर विश्वास का ठेवावा? आजवर पांढऱ्या कपड्यातला जो माणूस आला, तो काहीतरी न्यायलाच आला होता. बाईंकडे द्यायला पुष्कळ होतं. कायदा माहीत होता, संघटना पाठीशी होती. पण त्या पाड्यावरच राहिल्या. वारल्यांच्या झोपडीत झोपल्या, त्यांच्या घरात जे शिजेल ते जेवल्या. १९४५ साली पुण्याच्या ब्राह्मण घरातल्या बाईने वारल्याच्या हातचं खाणं ही साधी गोष्ट नव्हती. आणि ज्याच्या घरी उद्याची खात्री नाही त्याने अनोळखी बाईला जेवू घालणं, हीसुद्धा नाही.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी (आज तलासरी तालुक्यात) सभा भरली. पाचेक हजार आदिवासी आले. वेठ करायची नाही, असं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तरी लोक मागे हटले नाहीत.

नुसत्या भाकरीने वेठ संपली असं मी म्हणत नाही हं. ती लढ्याने आणि लोकांच्या जिवाच्या मोलाने संपली. पण लढायला आधी एकमेकांचा भरवसा लागतो, आणि तो भाषणाने येत नाही. मला वाटतं, बाईंनी पाड्यावरचं आधी घेतलं, म्हणून पुढे त्यांनी दिलेलं लोकांनी आपलं मानलं.

आमच्या कंपनीतून आम्ही दरवर्षी कुठल्यातरी पाड्यावर वह्या आणि ब्लँकेटं वाटायला जातो. फोटो निघतात. कुणी "चहा घ्या" म्हटलं की आम्ही घड्याळ बघतो, "नको, उशीर होतोय." तिथे आणि गाडीत मी एकच केलं होतं. द्यायला हात पुढे, घ्यायला मागे. देणारा वरच राहतो; घेतलं की शेजारी बसावं लागतं. मावशी मला शेजारी बसवत होती आणि मी उठून गेलो.

महिन्याभराने ती पुन्हा दिसली, तीच टोपली. मी धीर करून विचारलं, "मावशी, आज काय आहे डब्यात?"

तिने दोन क्षण बघितलं. "आज भूक आहे व्हय?"

"आहे. त्या दिवशीपण होती."

ती खळखळून हसली आणि भाकरी मोडली. उतरण्याआधी मी तिचं नाव विचारलं, तिने माझं. चटणी मात्र जाम तिखट होती, घरी पोचेपर्यंत नाक वाहत होतं!