दोन इंच फोम आणि सपाट पलंग : दरेकसाच्या फलाटावरून बिझनेस क्लासचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की विमानातला बिझनेस क्लास आणि दरेकसा यांचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. दरेकसा हे गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाचं छोटं स्टेशन. इथून पुढे डोंगर, बोगदा आणि मग छत्तीसगड. जवळच कचारगडची गुहा. माघ पौर्णिमेला गोंड समाजाचे हजारो लोक कुठून कुठून तिथे येतात. हाजरा फॉलही इथलाच. पण विमान? ते इथे उतरत नाही. वरून जातं, बस्स.

तरी आम्ही मुद्दाम दरेकसा निवडलं, कारण प्रवासातल्या वर्गांचा इतिहास बघायचा तर मध्येच उभं राहून बघावा. मुंबई–हावडा हा नागपूरमार्गे 1968 किलोमीटरचा रस्ता. दरेकसा मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ मध्यावर. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे बहुधा थांबत नाहीत. फलाटावर उभ्या माणसासमोरून डबे सरकत जातात. काळी काच लावलेले वातानुकूलित डबे, मग स्लीपर, आणि दारापर्यंत माणसं लोंबकळणारा जनरल. काही सेकंदांत आपल्या समाजाचा उभा छेद समोरून निघून जातो.

आज आपल्याला एकच गोष्ट तपासायची आहे. गाडी असो की विमान, पहिल्या वर्गाचा माणूस आणि शेवटच्या वर्गाचा माणूस एकाच मिनिटाला पोचतात. वेग सगळ्यांना सारखाच. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

आधी जमिनीवरची गोष्ट. हा मार्ग सुरू झाला तो नागपूर–छत्तीसगड रेल्वे म्हणून. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला तो राजनांदगावपर्यंत गेला. रूळ मीटर गेजचे होते. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढणं हा मुख्य हेतू. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेतला, रुंद केला आणि पूर्वेकडे वाढवला. पुढे मुंबई–कलकत्ता मेल या जंगलातून धावू लागली.

त्या काळी गाडीत चार वर्ग असत. पहिला, दुसरा, मधला म्हणजे इंटर, आणि तिसरा. पहिल्या वर्गाच्या डब्यात गादी, स्वतंत्र न्हाणीघर, आणि साहेबाच्या नोकरांसाठी शेजारी वेगळा कप्पा. तिसऱ्या वर्गात लाकडी बाकं. आता गंमत बघा, गंमत कसली, दुःखच आहे. रेल्वेला प्रवाशांकडून जे उत्पन्न मिळे, त्याचा मोठा भाग याच तिसऱ्या वर्गातून येत होता. गर्दी त्यांची, पैसा त्यांचा, आणि सोय दुसऱ्याची.

हे सगळ्यात नेमकं मांडलं गांधीजींनी, 1917 मध्ये. आफ्रिकेतून परतल्यावर ते ठरवून तिसऱ्या वर्गाने फिरत होते. मुंबईहून मद्रासला जातानाचा अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. 22 जणांसाठीचा डबा, दोन रात्रींचा प्रवास, आणि अंग टाकायला फळी नाही. फक्त बसायचं. त्यांचा हिशेब साधा होता. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त, हे ठीक. पण मग तिसऱ्या वर्गाला निदान एक पंचमांश सोय तरी मिळते का? मंडळी, हा प्रश्न नीट ऐका. पहिला वर्ग बंद करा, असं ते म्हणत नाहीत. खालच्या माणसाला त्याच्या पैशाच्या प्रमाणात काय मिळतं, एवढंच विचारतात. आजच्या सगळ्या व्याख्यानाचा धागा हाच आहे.

आता आकाशाकडे वळू. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. 35 प्रवासी. तिकीट 1,720 रुपये. त्या काळात कारकुनाचा कितीतरी महिन्यांचा पगार. या विमानात वेगळे वर्ग करण्याची गरजच नव्हती. ज्याला तिकीट परवडत होतं, तो मुळातच पहिल्या वर्गाचा.

आकाशातली एक मोठी पायरी 1952 मध्ये तयार झाली. अटलांटिकवर विमान कंपन्यांनी ‘टुरिस्ट’ वर्ग आणला. 1958 मध्ये त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ आली. पाठोपाठ जेट विमानं आली, जागा वाढल्या. 1971 मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो ‘एम्परर अशोक’ मुंबईत आलं. झरोक्यांच्या नक्षीच्या खिडक्या, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाची बैठक. जाहिरातीत त्याला आकाशातला राजवाडा म्हणत. पण वर्ग दोनच. पुढे पहिला, मागे इकॉनॉमी. मधलं काही नाही.

इथपर्यंत आलो, की आपण 1977 सालात पोचतो. हे वर्ष लक्षात ठेवा.

26 सप्टेंबर 1977. लंडनहून न्यूयॉर्कला फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ सुरू झाली. नावातच ट्रेन. आरक्षण नाही, रांगेत उभं राहा, 59 पौंड द्या आणि बसा. जेवण हवं तर वेगळे पैसे. मोठ्या कंपन्या हादरल्या आणि त्यांनीही स्वस्त तिकिटं काढली. ऑक्टोबर 1978 मध्ये अमेरिकेने देशांतर्गत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढायचा कायदा केला. स्वस्ताईची लाटच आली.

यातून एक विचित्र भांडण उभं राहिलं. कामासाठी फिरणारा माणूस आयत्या वेळी तिकीट काढतो. तारीख बदलता यावी म्हणून पूर्ण भाडं भरतो. आणि शेजारी बसलेला सुट्टीवरचा प्रवासी, महिनाभर आधी तिकीट काढलेला, त्याच्या निम्म्याहून कमी पैशात त्याच खुर्चीत, तेच जेवण जेवतोय. पूर्ण भाडं देणारे कुरकुरू लागले. कंपन्यांनी त्यांना इकॉनॉमीच्या पुढच्या भागात बसवलं आणि मध्ये पडदा लावला. 1978 मध्ये पॅन अ‍ॅमने त्याला ‘क्लिपर क्लास’ म्हटलं. 1979 मध्ये क्वांटासने ‘बिझनेस क्लास’ हे नाव घेतलं, आणि तेच जगभर रूढ झालं.

म्हणजे बिझनेस क्लासचा जन्म ऐषारामातून झालेला नाही, तिकिटांच्या दरातल्या तफावतीतून झाला. सुरुवातीला तिथे विशेष काहीच नव्हतं. मधली खुर्ची रिकामी, पेय फुकट, आणि तो पडदा.

आता पुन्हा दरेकसाला या. 26 डिसेंबर 1977. स्कायट्रेनला बरोबर तीन महिने झाले होते. त्या दिवशी मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये एक नवी गाडी सुरू झाली, गीतांजली एक्सप्रेस. नाव रवींद्रनाथांच्या पुस्तकावरून. ही गाडी याच मार्गाने, याच बोगद्यातून जाते. इथे थांबत नाही. पण तिच्यात एक गोष्ट नव्हती, आणि त्यामुळेच ती इतिहासात गेली. तिच्यात पहिला वर्ग नव्हता. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. भारतातली पहिली वर्गविरहित लांब पल्ल्याची गाडी.

ही कल्पना होती रेल्वेमंत्री मधु दंडवते यांची. अहमदनगरला जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरमधून लोकसभेत निवडून येणारे समाजवादी. कोकण रेल्वेसाठी त्यांनी काय खटपट केली ती आपल्याला माहीत असते. पण त्यांचं सर्वात मोठं काम फार लहान दिसतं. ‘तिसरा वर्ग’ हे नाव 1974 मध्येच गेलं होतं, तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले होते. नाव बदललं, लाकूड तेच राहिलं. दंडवत्यांनी त्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. आपल्याला पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर्ग वर न्यायचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. गांधीजींच्या प्रश्नाला साठ वर्षांनी मिळालेलं हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

बघा मंडळी, काय चाललंय. त्याच दोन-तीन वर्षांत आकाशात एक नवा वर्ग जन्माला येतोय आणि जमिनीवर एका गाडीत वर्ग पुसला जातोय. दिशा उलट. पण दोघांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. माणसाची पाठ.

सुरुवातीला आम्ही विचारलं, जास्तीचे पैसे कशाचे? उत्तर आहे, झोपेचे. पुढच्या वीस वर्षांत बिझनेस क्लासची खुर्ची रुंद झाली, मग मागे कलू लागली. 2000 मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग आणला. मग सगळ्यांनाच आणावा लागला. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला पंधरा-सोळा तास लागतात. त्यात जेवण, काचेचे पेले, गरम रुमाल हे सगळं दुय्यम. खरा माल एकच, आडवं होऊन पाठ सरळ करता येणं. गांधीजींना मद्रासच्या गाडीत दोन रात्री मिळालं नाही, ते हेच.

इथे आम्हाला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे व्याख्यान एकांगी होईल. विमानाचा हिशेब जुन्या रेल्वेच्या उलटा आहे. लांब पल्ल्याच्या विमानात पुढच्या मोजक्या खुर्च्या उत्पन्नाचा मोठा वाटा देतात. कित्येक मार्ग त्यांच्यावरच चालतात. मागचा प्रवासी पुढच्याला पोसत नाही. तिथे पडदा काढला तर मागचं तिकीट कदाचित महागच होईल. तेव्हा बिझनेस क्लास म्हणजे पाप, असं सोपं वाक्य आम्ही बोलणार नाही.

पण मग मागच्या खुर्चीचं काय झालं? 1970 च्या दशकात इकॉनॉमीत एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण 34 इंच असे. आज बऱ्याच कंपन्यांत ते 31 च्या आसपास आहे. विमान तेवढंच, पुढे पलंग पसरला, मागे गुडघे आखडले. तीन इंच गेले. दंडवत्यांनी दोन इंच दिले होते, इथे तीन इंच घेतले गेले. तिकीट स्वस्त झालं हे खरं, त्यामुळे कितीतरी घरांतली पहिली पिढी विमानात बसली हेही खरं. पण आखाती देशात राबून परतणारा मजूर रात्रभर ताठ बसून येतो, आणि उतरल्यावर पुन्हा गाडीच्या रांगेत उभा राहतो, हेही तितकंच खरं.

आणि गीतांजलीचं काय झालं? ती आजही धावते. पण वर्गविरहित राहिली नाही. कालांतराने तिला वातानुकूलित डबे जोडले गेले. लोकांना ते हवे होते, पैसे द्यायची तयारी होती. दंडवत्यांचा प्रयोग फसला, असं कोणी म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. वर्ग मोडणारी गाडी टिकली नाही, फोम टिकला. तो गाडीगाडीत पसरला आणि इतका अंगवळणी पडला, की आज स्लीपरमध्ये झोपणाऱ्या तरुणाला इथे कधी नुसतं लाकूड होतं हे सांगूनही पटत नाही. इतिहासात असंच होतं. मोठ्या घोषणेचं नाव राहतं, आणि छोटी सुधारणा लोकांच्या पाठीखाली निमूटपणे राहते.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. प्रवासात वर्ग असणार. पैसे देऊन कोणी पलंग घेत असेल तर घेऊ द्या. पण कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा तिच्या वरच्या टोकाला होत नाही. सर्वांत शेवटच्या डब्यातल्या माणसाला किमान काय मिळतं, तिथे होते. आजचा जनरल डबा बघा. या भागातून कामासाठी नागपूरला, रायपूरला, हैदराबादला जाणारी माणसं त्याच डब्यात असतात, कित्येक जण उभे. फोमचा प्रश्नच नाही, कारण फळीच वाट्याला येत नाही. गांधीजींचा एक पंचमांशाचा प्रश्न त्यांच्यासाठी अजून उभा आहे.

शेवटी एक. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. लहान विमानं दिवसभर घिरट्या घालतात. त्यातली काही मुलं उद्या मोठी विमानं घेऊन समुद्र ओलांडतील. त्यांच्या पाठीमागे आधी सपाट पलंग असतील, मग पडदा, मग 31 इंचांच्या रांगा. ती विमानं कधी या डोंगरावरूनही जातील, आणि खाली त्याच क्षणी गीतांजली बोगद्यात शिरत असेल. पुढच्या वेळी तुम्ही कुठल्याही गाडीत किंवा विमानात बसाल, तेव्हा आपली जागा शोधण्याआधी एकदा शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन या. तिथे माणसाला पाठ टेकता येते का, तेवढं बघा.