नफावसुली (तंत्रज्ञान समभागांतील)

नफावसुली : चढ्या भावात समभाग विकून कागदावरचा नफा रोख करून घेणे. तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत तिची वेळ ठरवणे विशेष अवघड, कारण त्यांचा भाव चालू नफ्यापेक्षा पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षित नफ्यावर उभा असतो. उच्चांक आधी ओळखण्याची खात्रीची रीत नाही. त्यामुळे भाव आणखी चढेल का, यापेक्षा आजचा भाव सार्थ ठरायला कंपनीला किती धंदा करावा लागेल, हा प्रश्न अधिक कामाचा. नेटवर्क-सामग्री बनवणारी सिस्को मार्च 2000 मध्ये काही काळ जगातील सर्वांत मौल्यवान कंपनी होती. समभाग सुमारे 80 डॉलरवर होता आणि बाजारमूल्य वार्षिक विक्रीच्या 25 पटींहून अधिक होते. पुढे सिस्को बुडाली नाही, उलट तिची विक्री जवळपास तिप्पट झाली. तरीही तो भाव पुन्हा दिसायला 25 वर्षांहून अधिक काळ गेला. कंपनीविषयीचा अंदाज बरोबर होता. त्यासाठी मोजलेली किंमत चुकली.

यावरून भाव वाढला की विकावे, असा अर्थ काढणे मात्र चूक. वित्त-संशोधक टेरन्स ओडीन यांनी 1998 मध्ये अमेरिकेतील 10,000 दलाली खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुंतवणूकदार नफ्यातले समभाग घाईने विकतात व तोट्यातले धरून बसतात, आणि विकलेले समभाग पुढच्या वर्षभरात सरासरीने राखलेल्यांपेक्षा सरस ठरतात, असे आढळले. हेंड्रिक बेसेमबाइंडर यांच्या संशोधनातून निघणारा आक्षेप याहून जड आहे : 1926 ते 2016 या काळात अमेरिकी बाजाराने सरकारी अल्पमुदती रोख्यांपेक्षा जी जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती जेमतेम 4 टक्के कंपन्यांतून आली. त्यांतलीच एखादी लवकर विकून बसलो तर? भीती रास्त आहे. पण अ‍ॅमेझॉनचा समभागही 1999 ते 2001 दरम्यान 90 टक्क्यांहून अधिक कोसळला होता, आणि ती तगेल हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? म्हणून सगळे विकणे किंवा सगळे राखणे, असा पेच मुळात नसावा. चढलेल्या समभागाचा एकूण गुंतवणुकीतला वाटा एवढाच ठेवावा की तशी घसरण आली तरी घरखर्च, शिक्षण, निवृत्ती यांना धक्का लागणार नाही. त्यावरचा भाग विकावा. उरलेला भाग ज्या गृहीतकावर घेतला ते (ग्राहकवाढ, नफ्याचे प्रमाण) टिकून असेपर्यंत राखावा.

न विकण्यासाठी दिली जाणारी नफ्यावरील कराची सबब तकलादू वाटते : भारतात वर्षाहून अधिक काळ राखलेल्या नोंदणीकृत समभागांवर सव्वा लाखापुढील नफ्याला 12.5 टक्के कर आहे, म्हणजे नफ्याचा मोठा हिस्सा हाती राहतोच. स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली जाताच विकण्याचा आगाऊ आदेश) लावून निर्धास्त होणेही तितकेच भाबडे. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या तंत्रज्ञान कंपनीच्या खोट्या हिशेबांची कबुली बाहेर आली आणि समभाग एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. अशा पडझडीत ठरवलेल्या भावाला घेणारा मिळेलच, याची हमी ती सोय देत नाही.