पंचवीस वॅटचे कोडे : ओहमचा नियम आणि मोटारीतील नाद

१/९
१९८० च्या दशकातील अमेरिका. मोटारींत बसवलेल्या ध्वनियंत्रणांच्या स्पर्धा तेथे लोकप्रिय होत होत्या. स्पर्धकांचे गट ॲम्प्लिफायरच्या जाहीर वॅटवरून पडत. मात्र सर्वांत दुबळ्या गटातील काही मोटारी वरच्या गटांनाही लाजवतील अशा दणाणत. या कोड्याचे उत्तर दीड शतकाहून जुने होते.

२/९
जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणाऱ्या जॉर्ज सायमन ओहमने विद्युतमंडलांवर प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दाब वाढला की धारा वाढते. रोध वाढला की ती घटते. मायदेशात या सिद्धांताचे स्वागत थंडच झाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला त्याचेच नाव मिळाले.

३/९
सतत दिशा बदलणाऱ्या धारेला तारेचे वेटोळे निराळाच विरोध करते. या एकूण विरोधाला ऑलिव्हर हेविसाइड याने १८८६ मध्ये ‘इंपीडन्स’, म्हणजे संरोध, हे नाव दिले. स्पीकरच्या गाभ्यातही वेटोळेच असते. म्हणून त्यावर छापलेले ‘४ ओहम’ हे केवळ नाममात्र मूल्य. सुराच्या उंचीनुसार ते बदलत राहते.

४/९
आता जोडणी पाहू. ४ ओहमचे दोन सबवूफर एकसर जोडले तर ८ ओहम. समांतर जोडले तर २ ओहम. चार समांतर जोडले तर १, आणि आठ जोडले तर अवघा अर्धा ओहम. दोन-दोनच्या एकसर जोड्या एकमेकींना समांतर लावल्या, तर चार सबवूफर मिळून पुन्हा ४ ओहमच भरतात.

५/९
शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. दाब १० व्होल्ट धरला, तर ४ ओहमवर २५ वॅट. तोच दाब टिकला, तर २ ओहमवर ५०, १ ओहमवर १०० आणि अर्ध्या ओहमवर २०० वॅट! यंत्र तेच, बदलली ती फक्त तारांची जोडणी.

६/९
हे गणित सर्वाधिक गाजवले ओरायन कंपनीच्या ‘२२५ एचसीसीए’ या ॲम्प्लिफायरने. ४ ओहमवर प्रत्येकी २५ वॅटच्या दोन वाहिन्या, एवढीच त्याची जाहीर शक्ती. स्पर्धक मात्र त्याला कमी ओहमचा भार जोडून कितीतरी अधिक शक्ती काढत. अशा यंत्रांना ‘चीटर ॲम्प’ हे टोपणनावच पडले.

७/९
हा खेळ फुकटचा नव्हता. वरच्या उदाहरणात ४ ओहमवर अडीच अँपिअर धारा लागते; अर्ध्या ओहमवर तब्बल २०. एवढी धारा पेलण्यासाठी दणकट ट्रान्झिस्टर, जाड तारा आणि उष्णता बाहेर टाकणारे भक्कम धातूचे कवच हवे. साधा ॲम्प्लिफायर अशा भाराखाली बंद पडे किंवा जळून जाई. म्हणूनच ‘ओहम जुळवणे’ याचा खरा अर्थ, यंत्राला झेपेल त्याहून कमी संरोध त्याच्या पुढ्यात न ठेवणे.

८/९
मग लबाडी कोणाची? छापील आकडा खोटा नव्हता. ४ ओहमवर २५ वॅट हेच त्याचे जाहीर मूल्य होते. चूक होती ती नियमाची. वॅट हा यंत्राचा स्थायी गुण आहे, असे त्याने गृहीत धरले. वास्तवात ती यंत्र आणि भार या दोघांमधील देवाणघेवाण असते.

९/९
ओहमने १८२७ मध्ये हेच सांगितले होते : धारा एकट्या स्रोतावर ठरत नाही, ती संपूर्ण मंडलावर ठरते. त्याच्या काळातील विद्वानांनी ते मानायला वेळ घेतला. दीड शतकानंतर स्पर्धेच्या नियमकर्त्यांनाही तोच धडा नव्याने गिरवावा लागला; या वेळी मात्र तो कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात.