अदृश्याचे नियम : तिरस्करिणी, फासे आणि सीतेचा स्पर्श

शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या अखेरीस दुष्यंतापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. मेघप्रतिच्छंद प्रासादावरून विदूषकाचा आक्रोश ऐकू येतो. त्याला कोणी तरी धरले आहे. पण धरणारा दिसत नाही आणि धरला गेलेलाही दिसत नाही. तुम्ही मला दिसता, मी मात्र तुम्हाला दिसत नाही, असे विदूषक ओरडून सांगतो. राजा धनुष्याला बाण लावतो आणि तिरस्करिणी विद्येचा गर्व वाहणाऱ्या त्या अज्ञाताला बजावतो की मला तू दिसत नसलास तरी माझे अस्त्र तुला पाहील. हंस पाण्यातून दूध वेगळे काढतो तसा हा बाण मारायचे त्याला मारील आणि राखायचे त्याला राखील. त्याबरोबर इंद्राचा सारथी मातली प्रकट होतो आणि पेच सुटतो.

वर्गात हा प्रसंग आपण शोकमग्न राजाच्या वीरवृत्तीला आलेली जाग म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक साधा, जवळजवळ पोरकट वाटणारा प्रश्न दडलेला आहे. जे दिसत नाही त्यावर नेम कसा धरायचा? कालिदासाने तो बाणाच्या विवेकावर सोडला. गेल्या पन्नास वर्षांत मात्र हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या ठिकाणी, कलम-पोटकलमांनिशी, पुन:पुन्हा सोडवला गेला आहे. ते ठिकाण म्हणजे टेबलाभोवती बसून खेळले जाणारे भूमिकाखेळ, ज्यांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग वर्णन करतो, उरलेल्या सर्व पात्रांच्या वतीने बोलतो, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. त्याआधीच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळातून त्याने अदृश्यतेचा एक नियम उचलला होता : अदृश्य राहून हल्ला करता येत नाही. ज्या क्षणी हात उगारला, त्या क्षणी कवच गेले.

पुढचा इतिहास म्हणजे या एका वाक्यावरचे लांबलचक भाष्य होय. १९७५ च्या पुरवणीत चोराचे पात्र आले आणि मंत्राशिवाय लपण्याची सोय झाली. नवशिक्या चोराला सावलीत लपण्याची संधी शंभरात १० एवढीच होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दृष्टी आणि श्रुती वेगळ्या केल्या : लपणाऱ्याचा फासा पाहणाऱ्याच्या फाशाविरुद्ध, पावलांचा फासा कानांविरुद्ध. अदृश्य शत्रू नेमका कोणत्या चौकोनात आहे हे ओळखले तरी निम्मे वार फुकट जावेत अशी तरतूद तिने केली. म्हणजे दुष्यंताच्या बाणाचा विवेक निम्म्यावर आला. २०१४ च्या नियमांनी स्पष्ट केले की अदृश्य म्हणजे अज्ञात नव्हे. आवाजावरून, पाऊलखुणांवरून जागा कळू शकते. २०२४ च्या सुधारणेत यशस्वीपणे लपलेल्याला ‘अदृश्य’ हीच अवस्था मिळते आणि ती कधी संपते याची यादी दिली आहे : कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, मंत्र मोठ्याने म्हटला किंवा शत्रूने शोधून काढले, तर.

एवढी कलमे का लागतात? मुख्य कारण असे की टेबलावर खरोखर कोणीच लपलेले नसते. चोर दाराआड उभा आहे हे सर्व खेळाडूंनी ऐकलेले असते. सूत्रधाराला ते माहीत असते, आणि पहारेकऱ्याच्या वतीने अजाणतेपणाने बोलायचेही त्यालाच असते. अदृश्यता हा येथे शरीराचा गुण नाही. कोणी काय माहीत नसल्यासारखे वागायचे, याविषयीचा तो करार आहे. करार मोडण्याचा मोह प्रत्येकाला असतो, म्हणून तो लिहून ठेवावा लागतो.

येथे संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला घरी आल्यासारखे वाटावे. रंगभूमीवर उर्वशी अदृश्य असते म्हणजे काय असते? नटी तर सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी असते. ‘तिरस्करिणी’ या शब्दाचा एक अर्थ पडदा असा आहे. पण हा पडदा प्रेक्षक आणि पात्र यांच्यात पडत नाही, पात्रापात्रांत पडतो. आपल्या शास्त्रकारांना या कराराची उत्तम जाण होती. धनंजयाने दहाव्या शतकात ‘दशरूपका’मध्ये रंगभूमीवरील बोलण्याची सर्वांनी ऐकायचे, काहींनीच ऐकायचे आणि कोणीच ऐकायचे नाही अशी विभागणी केली आहे. जनांतिकात नटाने त्रिपताक हस्त धरला की शेजारी उभ्या असलेल्या पात्राने बहिरे व्हायचे. हा फाशांविना चालणारा नियमच आहे.

नाटकाबाहेरही हे कायदे सापडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौदाव्या अधिकरणात अदृश्य होण्याचे प्रयोग आहेत. उपवास, नक्षत्र, कवटीत पेरलेले जव असा सगळा खटाटोप केल्यावर त्या माणसाची छाया आणि रूप दोन्ही नाहीशी होतात, असे तो सांगतो. रूपाबरोबर छायेचा वेगळा उल्लेख करणारा हा ग्रंथकार नियमपुस्तकांच्या कर्त्यांचा सख्खा पूर्वज वाटतो. भासाच्या नावावर असलेल्या ‘अविमारका’त विद्याधराने दिलेली अंगठी एका हातात घातली तर माणूस दिसेनासा होतो, दुसऱ्या हातात घातली तर दिसू लागतो. इतका व्यवहारी बारकावा आहे.

पण या नियमांचा सर्वांत गंभीर वापर, माझ्या मते, आमच्या विदर्भाशी नाते सांगणाऱ्या दोन कवींनी केला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचे रामटेक, असे प्रतिपादन केले. १९९७ साली स्थापन झालेले कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही तेथेच आहे. भवभूतीने प्रस्तावनेत सांगितलेले पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर, हेही मिराशींचेच मत. या दोन कवींनी अदृश्यतेला लावलेले नियम एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत.

कालिदासाची अदृश्यता ही अप्सरांची मिरासदारी आहे. विक्रमोर्वशीयाच्या दुसऱ्या अंकात उर्वशी आणि चित्रलेखा तिरस्करिणीच्या आड राहून पुरूरव्याचे बोलणे ऐकतात. तो आपल्याविषयी काय बोलतो याची खात्री झाल्यावर उर्वशी भूर्जपत्रावर उत्तर लिहून टाकते. तिसऱ्या अंकात ती मागून येऊन राजाचे डोळे हातांनी झाकते आणि स्पर्शावरून तो तिला ओळखतो. लपंडावात लपलेला गडी मागून येऊन राज्य असणाऱ्याला धप्पा देतो, तोच हा न्याय. स्पर्श झाला की लपणे संपले. चेनमेलचा नियमही निराळे काय सांगतो? जो कृती करील तो दिसेल. फरक इतकाच की तेथे कृती वाराची आहे, येथे प्रेमाची. आणि कधी दिसायचे ते उर्वशी स्वत: ठरवते.

भवभूतीने उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात, ज्याला छायांक म्हणतात, हे सारे उलटे केले. बारा वर्षांनी राम पंचवटीत आला आहे. कुश-लवांच्या बाराव्या वाढदिवशी सूर्यपूजेसाठी फुले वेचायला सीता तेथे आली आहे, आणि भागीरथीच्या प्रभावामुळे ती मर्त्यांनाच काय, वनदेवतांनाही दिसत नाही. ही अदृश्यता तिने मागितलेली नाही. ती केव्हा संपवायची हेही तिच्या हाती नाही. राम मूर्च्छित पडतो. तमसा तिला सांगते की तूच त्याला स्पर्शाने सावध कर. सीता स्पर्श करते. राम शुद्धीवर येतो आणि स्पर्श ओळखतो. आजवरच्या प्रत्येक नियमाप्रमाणे येथे पडदा फाटायला हवा. तो फाटत नाही. हा धप्पा कोणाच्या हिशेबात धरला जात नाही.

आणि नेमक्या याच क्षणी सीता घाबरते. आपण येथून निघू या, असे ती तमसेला म्हणते. त्यांनी मला पाहिले तर अनुज्ञेवाचून जवळ आले म्हणून महाराज अधिकच कोपतील. आपण दिसतच नाही याची आठवण तिला तमसेने करून द्यावी लागते. सबंध अंकात मला यापेक्षा भेदक जागा आढळत नाही. लोकांच्या नजरेने आणि जिभेने जिचे आयुष्य उद्ध्वस्त केले, तिला अदृश्यतेतही दिसण्याचे भय सुटत नाही. नियमाने तिला झाकले आहे. तिच्या मनाला ते पटलेले नाही.

मग वासंती रामाला जाब विचारते. लक्षात घ्यावे, वासंतीलाही सीता दिसत नाही. म्हणजे फिर्यादी बोलत आहे, आरोपी उत्तर देत आहे, आणि जिच्यावर अन्याय झाला ती दोघांच्या नकळत तेथे हजर आहे. जिचे म्हणणे ऐकून न घेता निर्णय झाला, तिला आता दुसऱ्याचे म्हणणे ऐकायला मिळते. अश्वमेधात सहधर्मचारिणी म्हणून सीतेची सुवर्णप्रतिमा आहे हे रामाच्या तोंडून निघते, तेव्हा तिच्या मनातले परित्यागाच्या लज्जेचे शल्य निघून जाते. ती समोर असती तर राम हे बोलू शकला असता का? आणि बोलला असता तर तिचा विश्वास बसला असता का? साक्ष खरी ठरते ती साक्षीदार दिसत नाही म्हणून.

किंमत मात्र कोणी तरी मोजलीच पाहिजे. खेळात ती लपणारा मोजतो. येथे ती राम मोजतो. त्याने स्पर्श अनुभवला आहे, पण पुरावा त्याच्याजवळ नाही. दुसऱ्यांदा तो तिचा हात धरतो, ती तो सोडवून घेते, आणि वासंतीला सारा उन्माद वाटतो. ज्याने पुराव्याशिवायच्या लोकापवादावर पत्नीला सोडले, त्याच्या वाट्याला पुराव्याशिवायचे सत्य येते.

यावर आक्षेप घेता येईल की खेळात लपणे ही जोखीम असते, फासा फसू शकतो. सीता पकडली जाणे शक्यच नव्हते, कारण कवीने ते आधीच ठरवले होते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच भवभूतीने पणाला लावले ते तिचे सापडणे नव्हे. लपल्यावर काय ऐकू येईल ते. खेळाची नियमपुस्तके लपणाऱ्याने काय करावे ते चोख सांगतात, त्याला काय सोसावे लागेल याचे कलम त्यांच्यात नाही.

शेवटही पाहण्यासारखा आहे. सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि राम प्रेक्षक असतो. रंगभूमीवरची सीता पाहून तो भान हरपतो. हे नाटक आहे, अशी आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. करार विसरणारा प्रेक्षक कवीला अखेर तेथेच हवा होता. त्यानंतर खरी सीता येते आणि अरुंधती तिला नगरजनांसमोर उभी करते. तिचे अदृश्यपण वाराने मोडत नाही, धप्प्यानेही नाही. ज्यांनी पाहू नये ते पाहिले आणि बोलू नये ते बोलले, त्याच लोकांना आता नीट पाहायला लावले जाते, आणि ते तिला नमस्कार करतात.