रंग सुताला धरतो कसा?

नवा लाल किंवा मोरपंखी टी-शर्ट पहिल्यांदा बादलीत पडला की पाणी रंगते आणि ‘रंग कच्चा आहे’ असा निकाल लागतो. पाठोपाठ मूठभर मीठ टाकण्याचा सल्ला मिळतो. निकाल पुष्कळदा चुकीचा असतो आणि सल्ल्यात अर्धेच तथ्य असते. असे का, हे सुताच्या रंगाईच्या इतिहासातून कळते.

लोकर आणि रेशीम ही प्रथिने. त्यांच्या रेणूंतील अमिनो गट अनेक रंगांना धरून ठेवतात. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्यात असे गट नाहीत, आहेत ते हायड्रॉक्सिल गट. म्हणून आपल्याकडचे रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवत, मग तुरटी देत आणि त्यावर मंजिष्ठाचा लाल रंग चढवीत. तुरटीतील ॲल्युमिनियम हा धागा व रंग यांमधला दुवा. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून टिकलेला सुती तुकडा मिळाला, तोही मंजिष्ठाच्या जातीच्या रंगाने रंगवलेला होता.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना सापडलेला जांभळा कृत्रिम रंग रेशमाला सहज चढला. सुतासाठी मात्र पुन्हा टॅनिनची मदत लागली. १८८४ मधला काँगो रेड सुताला थेट चढे, पण नुसता चिकटून राही आणि धुण्यात जाई. शिवाय आम्ल लागले की निळा पडे! प्रयोगशाळेत दर्शक म्हणून ठीक, अंगावर घालायला कसा चालावा?

रंगाचा रेणू धाग्याशी रासायनिक बंधानेच जोडता आला तर? अडचण पाण्याची होती. हायड्रॉक्सिल गट पाण्यातही असतो आणि रंगाच्या हौदात पाणी तर अमाप. क्रियाशील रंग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावेल, अशी रास्त भीती होती. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन या रसायनज्ञांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास दाखवले, की रंग आधी धाग्यावर जमू दिला आणि मग सोडा घालून द्रावण अल्कधर्मी केले, तर बराचसा रंग सेल्युलोजशीच सहसंयुज बंधाने जोडला जातो. १९५६ मध्ये, म्हणजे पर्किननंतर बरोबर शंभर वर्षांनी, हे रंग ‘प्रोसिऑन’ नावाने बाजारात आले. आजचे बहुतेक भडक सुती टी-शर्ट याच कुळातल्या रंगांचे असतात.

पण ‘बराचसा’ म्हणजे सगळा नव्हे. काही रंग पाण्याशी संयोग पावतोच. तो मग कापडाशी कधीच जोडला जात नाही, नुसता अडकून राहतो. कारखान्यात तो गरम पाण्याने धुऊन काढायचा असतो. तिथे घाई झाली की तो आपल्या बादलीत उतरतो. जोडलेला रंग मात्र जागेवरच असतो.

आता मीठ. पाण्यात सूत आणि हे रंग दोन्ही ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. मीठ ही ओढाताण कमी करते, म्हणून रंगाईत ते भरपूर वापरतात. घरच्या बादलीतही ते सुटा रंग कापडावर दाबून धरते, बंध मात्र घडवत नाही. वर्गात करून पाहावे. रंग जाणाऱ्या कापडाचे दोन तुकडे घेऊन एक साध्या आणि एक मिठाच्या पाण्यात ठेवावा. मिठाच्या पाण्यात रंग कमी उतरेल. मग तोच तुकडा साध्या पाण्यात टाकावा. उरलेला रंग सुटू लागेल.

तेव्हा नवा टी-शर्ट पहिले दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात वेगळा धुवावा, ओला गोळा करून ठेवू नये आणि उलटा करून सावलीत वाळवावा. ऊन आणि ब्लीचिंग पावडर रंगाच्या रेणूचाच नाश करतात. तिथे बंध कितीही पक्का असून उपयोग नाही.

रंगाईतले मीठ आणि न जोडलेला रंग शेवटी सांडपाण्यात जातो. टी-शर्टसाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतील तिरुप्पूरमध्ये त्याने नोय्यल नदी आणि आसपासची शेती बिघडली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्यातून मीठ वेगळे काढून पाणी पुन्हा वापरण्याची अट पाळल्यावरच ते हळूहळू सुरू झाले.