ट्रॅव्हल्सच्या डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएस दिवा नेमकं काय सांगतो?

मुंबईहून शिर्डीला निघालेली रात्रीची ट्रॅव्हल्स. कसारा घाट संपला, घोटी-सिन्नर मागे पडलं. गळीत हंगाम चालू आहे आणि अचानक समोर विनालाईटची उसाची ट्रॉली येते. ड्रायव्हर ब्रेकवर उभाच राहतो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत बस वळेल की सरळ जाऊन धडकेल, हे बऱ्याच अंशी एबीएसवर ठरतं.

चाक फिरत असतं तोवरच स्टिअरिंगचं ऐकतं. ब्रेक जास्त लागून ते जाम झालं की टायर रस्त्यावर नुसता घसटत जातो. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागची झाली तर शेपूट फिरतं. ट्रेलर असेल तर तो थेट केबिनवर दुमडतो. रिकाम्या ट्रकला हा धोका जास्त, कारण ब्रेक भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बनवलेले असतात.

बस-ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पॅडल दाबलं की टाकीतली हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. एबीएस या हवेवरच पहारा ठेवतं. चाकाच्या हबवर दातेरी रिंग असते आणि तिच्याजवळ सेन्सर. एकेक दाता समोरून गेला की सेन्सरमध्ये विजेचा बारीक ठोका उमटतो. ठोके एकदम मंदावले म्हणजे चाक जाम व्हायला आलं. मग कंट्रोल युनिट व्हॉल्व्हला सांगतं, त्या चाकाची हवा सोड. चाक फिरू लागलं की हवा परत भरते. हे सेकंदाला काही वेळा होतं, म्हणून फस-फस आवाज येतो. त्या वेळी पॅडल दाबूनच धरायचं, पंप करायचं नाही.

एक गंमत बघा. रस्त्याच्या एका कडेला ट्रॉल्यांनी आणलेला चिखल आणि दुसरीकडे कोरडं डांबर असेल, तर कोरड्या बाजूचं चाक जास्त पकडतं आणि स्टिअरिंग तिकडे ओढलं जातं. म्हणून पुढच्या चाकांपैकी कोरड्या बाजूचा दाब सिस्टिम मुद्दाम हळूहळू वाढवते. थांबायला थोडं अंतर जास्त लागतं, पण गाडी हातात राहते.

भारतात 12 टनांवरचे ट्रक आणि 5 टनांवरच्या बस यांना 2015 पासून एबीएस सक्तीचं झालं. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मात्र यातलं काही नसतं.

आता तो पिवळा दिवा. चावी फिरवल्यावर तो पेटतो आणि तपासणी होऊन विझतो. काही गाड्यांत थोडं पुढे गेल्यावर विझतो. पेटलेलाच राहिला तर साधे ब्रेक लागतील, पण जाम होणारं चाक सोडवायला कुणी नाही. बऱ्याचदा दुखणं किरकोळ असतं: बेअरिंगच्या ढिलाईने सेन्सर मागे सरकलेला असतो, वायर तुटलेली असते.

आणि घाटात ब्रेक तापून निकामी झाले तर एबीएसचा उपयोग नाही. हवा भरपूर असते, पण तापलेले लायनर पकडतच नाहीत. तिथे खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेकच कामाला येतो.